पाचवं वाक्य

सर्वेक्षणात पालममधल्या निम्म्या बायकांना ऋतुजा चार वाक्यं वाचून दाखवायची, निम्म्यांना पाच. कुणाला किती, ते टॅब ठरवायचा. बाईनं फक्त किती वाक्यं खरी तेवढंच सांगायचं, कोणती ते नाही. म्हणजे पाचवं वाक्य कुणाला लागू पडलं, हे ऋतुजालाही कळायला नको; किती जणींना, ते दोन्ही निम्म्यांच्या सरासरीतल्या फरकावरून निघायचं.

चन्नबसम्माच्या वाट्याला चार आली. मोबाइल आहे. बचत गटात आहे. एसटीनं एकटी जाते. यंदा माहेरी जाऊन आले.

"पाच," ती म्हणाली.

"अक्का, मी चारच वाचली."

"मघा माझ्या जावंला पाच वाचले की तुमी. भिंतीआडून ऐकायलते मी." चन्नबसम्मा सुपातली तूर निवडत राहिली. "मला बी इचारताल म्हणून कवाची बसले हाय."

जावेला वाचलेलं पाचवं वाक्य होतं: यंदा नवऱ्यानं मारलं.



टॅबवर चारच्या पुढं आकडाच नव्हता. ऋतुजानं चार दाबलं आणि पुढचा प्रश्न वाचला, "प्यायचं पाणी कुठून आणता?"