पुलावरचा फोटो

एका म्युझियममधून दुसऱ्याकडे चालत जाताना आमचे हे नदीवरच्या पुलावर थांबले आणि त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ, आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. तिकडे घरी फ्रिस्कोत सगळे उठायच्या आत!" फोटोत मी हसत होते आणि मागे ते चित्र होतं, खिडकीत बसून मटार सोलणाऱ्या बाईचं. त्याचं पोस्टकार्ड आमच्या फ्रिजवर मुलं लहान असल्यापासून आहे; तिच्यासाठीच मी या युरोप ट्रिपचा हट्ट धरला होता. फोटोत तिच्या चेहऱ्यावर माझं डोकं आलं होतं. आणि मला एकदम कळलं, तिचा खरा चेहरा मी पाहिलेलाच नाही. आत शिरताच "उभी राहा, हास" म्हणत यांनी फोटो काढला होता आणि "झालं, चल, नेक्स्ट" म्हणत मला पुढे ढकललं होतं. प्रत्येक चित्रापुढे तेच. एवढ्या लांब येऊन अख्खं म्युझियम मी पाठीनं पाहिलं होतं! मस्तकात तिडीक गेली. "पुढच्या म्युझियममध्ये जरा बाजूला उभी राहा," हे फोनकडे बघत म्हणाले, "तू चित्र झाकतेस." मी वळले आणि आल्या वाटेनं परत चालू लागले. "अगं, तिकडे कुठे? ते बघून झालंय! बरं, थांब, मागे नदी मस्त येतेय, फोटो काढतो. इकडे बघ!" "काढा की," मी न थांबता ओरडले, "पाठमोरा काढा!"