टेकडीखालच्या सहा खोल्या

“तात्या, त्यांना आवरा. नाहीतर मी माझं बोचकं उचलते.”

तात्यांनी अजून तोंडही धुतलं नव्हतं. दारात नर्मदाबाई उभ्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि त्याहून ठसठशीत राग.

“आता काय केलं रघुजींनी?”

“माझ्या तुळशीपुढे जोडे काढले. शिवाय पहाटेपासून गातात. ना सूर, ना ताल.”

तात्या देवासच्या गावकरी आश्रय मंडळीचे चिटणीस. दरबारातली कारकुनी संपली की लोक जपाची माळ ओढतात. तात्यांनी ही मंडळी काढली. १९०७ साली सरदार उदाजीरावांनी टेकडीच्या पायथ्याशी जागा दिली, लोकांनी विटा वाहिल्या आणि सहा खोल्या उभ्या राहिल्या. भाडं नाही. खोली मिळायची ती एकट्या जिवाला, आणि तो आपल्या मुलखातलाच हवा. गरिबाकडे कागद कुठून असणार? म्हणून आधीच्या एखाद्या बिऱ्हाडकरूने “हा इथलाच” अशी साक्ष दिली की पुरे.

नर्मदाबाई टोंकखुर्दकडच्या खेड्यातून आलेल्या, अगदी पहिल्या बिऱ्हाडकरू. मालक कैक वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले, ठावठिकाणा नाही.

रघुजी मागाहून आले. धारच्या पागेत घोडे सांभाळता सांभाळता दाढी छातीपर्यंत पांढरी झालेली. “जन्म इथलाच,” ते हसत म्हणाले, “पण डोकं तापट. एक दिवस भरल्या पानावरून उठलो, तो गावच सोडलं.”

त्यांना ओळखणारं कोणी निघेना. तात्या नकार देणार, इतक्यात तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता नर्मदाबाई म्हणाल्या, “इथलेच आहेत. द्या माझ्या शेजारची.”

तात्यांना बाईंच्या मोठ्या मनाचं केवढं कौतुक वाटलं! ते दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं.

त्या सकाळपासून रोज एक तक्रार. जोडे, चिलीम, गाणं, भिंतीला टेकवलेली खाट. रघुजी मात्र सगळं ऐकून घ्यायचे आणि दाढीतल्या दाढीत हसायचे. त्याने बाई आणखी भडकायच्या. एकदा तर जेवायला थांबलेल्या तात्यांनाच त्यांनी वाटी देऊन शेजारी पिटाळलं. “भाजी उरलीय. टाकवत नाही म्हणून देते. मीठ बेताचंच आहे, म्हणावं.” असला फटकळ दानधर्म तात्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“भिया, हे दोघं लढल्याशिवाय आमचा दिनच निकळत नाही,” कोपऱ्यातल्या खोलीतला फत्तेसिंग खुशीत म्हणायचा.

पण उदाजीराव खूश नव्हते. खोल्यांची दुसरी ओळ बांधायचं त्यांनी कबूल केलं होतं. देवळाच्या ओवरीत दिवस काढणाऱ्या जानकीबाई तर तात्या दिसले की, “झाली का माझी खोली?” एवढंच विचारायच्या. तात्यांचा जीव त्या नव्या ओळीत अडकला होता. आणि सरदारांचा निरोप आला: धर्म करून वर कटकट विकत घ्यायची हौस नाही; भांडण मिटवा, नाहीतर नवी ओळ विसरा.

तात्यांनी मंडळीचा नियम काढला. कुजबुज वाढू नये म्हणून त्यांनीच तो केला होता: तक्रार चारचौघांत करायची, आणि ज्याच्यावर करायची त्याचं नाव घेऊन. तशी तक्रार झाली की त्या माणसाने खोली सोडायची. आजवर कुणावर ती पाळी आली नव्हती.

अंगणात सतरंजी पसरली. उदाजीराव लोडाला टेकून बसले. रघुजी शांतपणे आले. काखेत बांधलेलं गाठोडं.

“बोला बाई,” सरदार म्हणाले. “तक्रार कुणाची?”

“शेजारच्यांची.”

“नाव?”

“सगळ्यांना ठाऊक आहे.”

“तसं चालायचं नाही,” तात्या अजिजीने म्हणाले. “नाव घ्या, नाहीतर तक्रार नाही असं सांगा. जानकीबाईंचा तरी विचार करा.”

बाईंनी गाठोड्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. आयुष्यभर भांडणारी बाई ऐन वेळी गप्प! बाईंना दया आली असणार, असं तात्यांना वाटलं.

“घ्या नाव,” रघुजी हळूच म्हणाले. “संध्याकाळच्या गाडीने धारला परत जातो. तुमच्या तुळशीला त्रास नको.”

“पुन्हा निघाले!” नर्मदाबाई कडाडल्या. मग उठून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला. साठीच्या बाई, पण कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. खाली मान घालून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

“एका भिंतीला दोन चुली, धूर निघतो दाट;
रघुजीरावांचं नाव घेते, चौदा वर्षं पाहिली वाट.”