कॉलरची आतली बाजू

"परवा दिला तर चालेल का?" मुलीनं विचारलं.

"नाही गं, उद्या सकाळीच लागणार." म्हातारीनं पिशवीतून पांढरा शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. "आमच्याकडचं इस्त्रीचं दुकान आज बंद. विचारत विचारत इथवर आले. पोराला उद्या कोर्टात उभं राहायचंय."

इस्त्री तापली होती. मागे पडद्याआड मुलीचे बाबा कपड्यांवर पाणी शिंपडत होते.

"वकील म्हणाले, नीटनेटका शर्ट घाला. शर्टाकडे कोण बघतंय म्हणा. पण त्या बाईच्या घरची माणसं तिथे असतील. त्यांच्यापुढे असा चुरगळलेला कसा पाठवू?"

"कोणत्या बाईच्या?"

"टेम्पोखाली गेली ना एक. पोरगा दुधाचा टेम्पो चालवतो. शाळेजवळच्या वळणावर पहाटे डुलकी लागली त्याला." म्हातारीनं शर्टावरून उगाच हात फिरवला. "बाई चांगली होती म्हणतात."

पडद्यामागचं पाणी शिंपडणं थांबलं.

मुलीची आई त्याच वळणावर टेम्पोखाली गेली होती. पहाटेच इस्त्रीचे कपडे पोचवायला निघाली होती.

"संध्याकाळी या," मुलगी म्हणाली. आवाज रोजचाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"देव तुझं भलं करो," म्हणत म्हातारी पायरी उतरली.

बाबा बाहेर आले. हात ओले होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"हाक मार तिला. शर्ट परत दे."

"आईनं केला असता, बाबा."

"आई असती तर हा शर्ट इथं आलाच नसता."

मुलीनं शर्ट उलटा केला.

इस्त्रीच्या उजव्या हाताला पाण्याची वाटी होती. ती आईची. प्रत्येक शर्टाला इस्त्री टेकवण्याआधी आई वाटीत बोट बुडवायची आणि कॉलरच्या आतल्या बाजूला, जिथे मान टेकते तिथे, पाण्याचा छोटासा क्रूस काढायची. ज्याचा शर्ट त्याला सांभाळ, एवढंच म्हणायची. शर्ट कुणाचा, हे विचारायची नाही. देवाला पत्ता माहीत आहे, म्हणायची. "आणि पॅन्टवाल्यांचं काय?" असं बाबांनी चिडवलं, की म्हणायची, "त्यांचं त्यांनी बघावं. मला ढीग उपसायचाय." मग वरून इस्त्री फिरायची. चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची आणि कॉलर कोरडी ठणठणीत व्हायची. गिऱ्हाइकांना कधी काही कळलं नाही.

आई गेल्यापासून वाटीत पाणी बाबाच भरत होते. बोट कुणी बुडवत नव्हतं. संध्याकाळच्या प्रार्थनेतही बाबा 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीपाशी आले की गप्प होत आणि पुढची ओळ आली की पुन्हा सूर धरत. मुलगी मधली ओळ एकटीच म्हणायची. कधीकधी तीही म्हणत नसे.

"काम आलंय, करते," ती आता म्हणाली. "बाकीचं मला जमणार नाही."

तिनं कॉलर दाबली. खांदे, मग बाह्या. कफाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं, म्हातारीनंच शिवलं असावं. बटणाभोवती इस्त्रीचं टोक जपून फिरवलं, पांढऱ्या कापडावर डाग पडू दिला नाही तिनं. पाठ झाली. घडी झाली. घडीत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

बाबा सगळा वेळ उभेच होते.

"उद्या आपल्याला त्याच्या मागच्या बाकावर बसवतील," ते म्हणाले. "आपल्या वकिलांनी सांगितलंय. दिवसभर त्याची मानच दिसणार."

मुलीनं शर्ट पिशवीत घालायला उचलला. बाबांनी तो तिच्या हातातून घेतला. टेबलावर ठेवला, बटणं काढली आणि सगळी घडी मोडली.

"बाबा, अहो, आत्ताच..."

"पुन्हा करावी लागेल. माहितीये मला."

त्यांनी कॉलर उलटी केली. वाटीत बोट बुडवलं. बोट कॉलरवर टेकायला वेळ लागला. टेकलं, आणि वरून खाली एक रेघ निघाली. बारीक, पण सरळ. आडव्या रेघेसाठी त्यांनी बोट पुन्हा भिजवलं, कॉलरपाशी आणलं आणि ते तिथेच थांबलं. थेंब टेबलावर पडला. मग आणखी एक.

बाबांनी हात मागे घेतला. तोंड भिंतीकडे केलं.

"मला एवढंच येतंय," ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. कापड गरम होतं. रेघेची कड वरच्या टोकाकडून फिकी होऊ लागली होती.

"वाळतंय गं," बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले.

मुलीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि वाटीत बोट घातलं. इस्त्रीशेजारी राहून राहून पाणी कोमट झालं होतं.