व्याख्यात्याच्या मिशा

व्याख्यात्याने माइक तोंडासमोर धरला, तिथेच निम्मं सभागृह कामातून गेलं. उरलेलं निम्मं त्याच्या मिशांनी गारद केलं. कान गेलेल्या माणसांना धीर द्यायला बोलावलेला हा गृहस्थ. समोरची माणसं ओठ वाचून निभावतात, एवढी साधी गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती आणि त्यानेही विचारली नव्हती. ज्याला ऐकायचं असतं तो विचारतो. हा बोलायला आला होता.

पुढच्याच रांगेत एक बाई नवऱ्याशेजारी बसली होती. तिचं केस कापायचं दुकान होतं, एकटीच्या हिमतीवर उभं केलेलं. गेल्या वर्षी तिचे कान गेले. मशीन लावून पाहिलं, तर त्यातून नुसता कालवा. मग एके दिवशी एक गिऱ्हाईक आपल्या आईचं दुखणं रडवेलं होऊन सांगत होतं आणि ही कात्री चालवता चालवता "छान, छान" म्हणत राहिली. कळल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी शटर ओढलं ते ओढलंच. आता तिच्या दिराला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. भिंतीवरचा आरसा उतरवायला उद्या सकाळी माणूस येणार होता.

"तू फक्त सकारात्मक राहा, घरी आराम कर," असं नवरा रोज सांगायचा. आराम हा जणू पोटापाण्याचा धंदाच. त्याला स्वतःला मात्र सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा घरात करमत नसे.

एव्हाना व्याख्यात्याने श्रोत्यांकडे पाठ फिरवून दिवे घालवायला लावले होते. पडद्यावर सूर्योदय आला. मग फूल आलं. मग डोंगर चढणारा कुणी रिकामटेकडा आला. बाईच्या नवऱ्याने रुमाल काढून डोळे पुसले. त्याचे कान उत्तम होते, त्याला सगळं ऐकू येत होतं.

बाईच्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारी होती. तिने मोबाइलची बॅटरी लावली आणि हनुवटीखाली धरली. अंधारात नुसतं तोंड दिसू लागलं, भुताचं असावं तसं. ओठ मात्र स्वच्छ दिसत होते.

"करतेस काय तू?" म्हातारीने विचारलं.

बाईनेही आपली बॅटरी तोंडाखाली धरली. "केस कापायची. आता बंद केलं."

"मी दातांची डॉक्टर. ठार बहिरी. काय सांगायचं ते पेशंटकडून आधीच समोर बसवून वदवून घेते. एकदा आ केला की त्याला तसंही बोलता येत नाही."

बाईला हसू आलं. "तुमचं बरं आहे. माझं गिऱ्हाईक माझ्याकडे पाठ करून बसतं."

"आणि तोंड कुठे करतं?"

बाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. समोर भिंतभर आरसा. गिऱ्हाईक त्यात बघून, थेट तिच्याशीच बोलायचं. तिची नजर मात्र जन्मभर केसांवर. कान गेल्यावर ती आणखी खाली वाकली, कान आणखी पुढे केला. मान वर करायची तेवढी राहून गेली.

ती हसत सुटली. म्हातारीही हसायला लागली. आपला आवाज किती चढलाय याचा दोघींना पत्ता नव्हता. व्याख्याता वळून "शांतता राखा" म्हणाला. कुणी ऐकत नाही म्हणून तो पुन्हा म्हणाला. बहिऱ्यांना.

दिवे लागले तेव्हा बाईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "अहो, भाऊजींना आत्ताच फोन करा," ती नवऱ्याला म्हणाली. "आरशाला हात लावायचा नाही. दुकान माझं आहे आणि मीच चालवणार."

नवरा गहिवरला. तिचा हात धरून तो तिला तडक व्याख्यात्यापुढे घेऊन गेला. "साहेब, तुमच्या शब्दांनी जादू केली. दुकान सोडून दिलं होतं हिने, आता पुन्हा उघडतेय."

व्याख्यात्याला यात नवल वाटलं नाही. त्याने डोळे मिटले, उघडले आणि बाईकडे बघून तो बराच वेळ काहीतरी म्हणाला. नवरा माना डोलावत होता. बाई व्याख्यात्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. एक अक्षर कळेल तर शपथ. मग तिची नजर बदलली. मान जराशी कलती करून तिने त्याच्या मिशा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतल्या.

"उद्या दुकानात या," ती म्हणाली. "आधी या मिशा कापते. मग आरशात बघून सगळं पुन्हा सांगा."