नाकावरचं कुंकू

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या आमच्या छोट्या टीमची ग्रां प्री शर्यतीची कार आता म्युझियममध्ये आहे. पाटीवर तिचा इतिहास लिहिलाय: एकवीस शर्यती, विजय एकही नाही, अपघात एकही नाही. माझी बायको शुभदा त्या टीममध्ये इंजिनियर होती. प्रत्येक शर्यतीआधी ती कारच्या नाकावर कुंकू लावायची आणि आम्ही सगळे हसायचो. गेल्या वर्षी ती रस्त्यावरच्या अपघातात गेली.

"काका, हा लाल डाग पुसून क्लीन करू का?" म्युझियममधल्या नेत्राने विचारलं.

"नको. राहू दे."



घरची नवी गाडी घेऊन शुभदा पहिल्यांदाच ऑफिसला निघाली, तेव्हा तिच्या हातातला कुंकवाचा करंडा मीच काढून घेतला होता. म्हटलं, "उशीर होतोय, संध्याकाळी लाव."