चहाच्या रंगाचं पाणी

टक्.

सामसूम दुपारी तेवढा आवाजही मोठा वाटला. बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला. ती बाहेरच्या खोलीत आली. माशांच्या टाकीच्या काचेला चिकटलेली शेवटची गोगलगाय सुटून खाली खड्यांवर पडली होती. उलटी, उघडी.

आणि पाणी पुन्हा तपकिरी झालं होतं. सकाळीच तर तिने निम्मं बदललं होतं.

"चहा झालाय नुसता," दुसऱ्या पाळीला निघालेला नवरा बूट चढवत म्हणाला. "साखर तेवढी घाल."

"तुला थट्टा सुचतेय. चिमणी शाळेतून आली की तिला काय सांगू?"

"सांग, गोगलगाय माहेरी गेली."

तिला हसू आलं नाही. वर तोंड काढून एक नारिंगी मासा हवेचे घोट घेत होता. कालपर्यंत दोन होते.

टाकी आणली होती ती चिमणीसाठी. मुलगी मुळातच काडी, त्यात गेलं वर्षभर तिचं काही खरं नव्हतं. खाल्लेलं उलटून पडायचं, पोटात मुरडा यायचा, तोंडावर रया नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, पोटाच्या तपासण्या करून घ्या. ती म्हणाली होती, आधी घरचं औषध करून बघते. आईने शिकवलेलं औषध होतं ते: मुळ्या, गूळ आणि आंबट फळांचा रस, तांब्याच्या पातेल्यात मंद आचेवर आटवायचा आणि त्यातच मुरू द्यायचा. पातेलंही आईचंच. घरात आलं तेव्हा कळकट होतं. तिने बसून घासलं. आतला पांढुरका थर काही केल्या निघेना, तोही तिने घासून घासून काढला, तेव्हा कुठे ते आतूनबाहेरून लखलखलं. दुखणं वाढलं तसं तिने औषधही वाढवलं. शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर, अर्धी वाटी, मग पाऊण.

आणि गुण आलाच. मासे घरात आले आणि चिमणी हळूहळू सावरली. गाल भरले, जिन्यावरून धावू लागली. कडू तोंड न करता औषधही घ्यायला लागली. अट एकच, वाटी घेऊन माशांसमोर बसायचं. वाटी दर वेळी चाटूनपुसून रिकामी. सासूबाईंनी फोनवर कौतुक केलं होतं, "हाताला यश आहे गं तुझ्या." मग तिने बाळालाही सुरुवात केली. चमचाभरच. तान्ह्याची हाडं भरायला नकोत का?

आता एवढं हे पाणी निवळलं की झालं. चिमणीचा जीव होता त्या माशांवर. उरलेलाही गेला आणि पोरगी पुन्हा अंथरुणाला खिळली तर? तो विचारही तिला सोसत नव्हता.

टाकी जिथून घेतली त्या मासेवाल्याला तिने फोन लावला.

"वहिनी, शोभेचं लाकूड आहे ना टाकीत? ते रंग सोडतंच. उकळून घ्या."

"उकळलं. मग काढूनच टाकलं."

"मग खाणं जास्त होतंय. पाहुण्यांसारखा आग्रह करू नका."

"चिमूटभर घालते. तेही मीच, दुसरं कोणी नाही."

"फिल्टरचा स्पंज धुतला?"

"दोनदा."

पलीकडे तो गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलला, परत आला. "आधी कोण गेलं? मासे की गोगलगाई?"

"गोगलगाई."

"मग तांब्याचं काहीतरी पडलंय बघा. नाणं, तार, काहीही. तांबं पाण्यात उतरलं की गोगलगाई पहिल्या जातात. मागोमाग मासे. पण त्याने रंग असा यायचा नाही. रंगाचं काहीतरी वेगळंच आहे."

तिने बाही वर सारून हात कोपरापर्यंत आत घातला. खडा न् खडा चाळला. ना नाणं, ना तार. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना गोडसर वास येत होता. कसला ते पटकन ध्यानात येईना, तेवढ्यात बाळ रडलं.

रडणं तरी कसलं, कुंथल्यासारखं. अलीकडे ते झोपूनच असायचं, उठलं की ओकायचं. दात येत असतील. तिने त्याला खांद्यावर घेतलं तर पाठीवर गरम ओघळ आला.

बेल वाजली. चिमणी दप्तर फेकून आधी टाकीपाशी गेली.

"गोगलगाय झोपली?"

"हो. तू हातपाय धू, औषध घे."

पातेल्यातलं औषध तिने वाटीत ओतून चिमणीच्या हातात दिलं. बाळाला मांडीवर आडवं घेतलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. तिने गालाला गाल लावला, गाणं म्हटलं, लाडीगोडी लावली. "एकच घोट, माझ्या सोन्या. ताई बघ कशी शहाण्यासारखी पिते." शेवटी ओठ उघडले. चमचा आत गेला. घोट उतरला.

तिने कौतुकाने मान वर केली.

चिमणी स्टुलावर उभी होती. वाटी पाण्यावर उलटी धरलेली. काळसर धार माशाभोवती हळूहळू फुलत, पसरत होती.

"चिमणे! काय करतेस?"

चिमणीच्या हातातली वाटी टाकीत पडली. तिचा चेहरा रडवेला झाला. "रागावू नकोस ना. ते प्यायलं की पोटात दुखतं. मासे आल्यापासून मी पीतच नाही, तर आता दुखत पण नाही."

 चमचा अजून तिच्या हातात होता. बाळाच्या हनुवटीवरून एक थेंब ओघळत होता.

चिमणी स्टुलावरून उतरली. जवळ येऊन तिने बाळाचं तोंड फ्रॉकच्या टोकाने पुसलं आणि आईकडे बघितलं.

"माझं मी ओतते. बाळाला तर उभंही राहता येत नाही. त्याचं कोण ओतून देतं, आई?"