गायीची बाजरी

कवाडाची कडी वाजली आणि विमलबाईच्या हातातली गोवरी हातातच राहिली. सासरे परत आले होते. अमडापूरच्या बाजारातून दिवेलागणीला येणारा माणूस आज भर दुपारी अंगणात उभा होता.

गोठ्याच्या भिंतीपाशी खड्डा होता. खड्ड्यात गोवऱ्यांची मंद धग आणि धगीवर काळं मडकं. वास फुटू नये म्हणून तिने मडक्याच्या झाकणाची कड ज्वारीच्या पिठाने लिंपली होती. पण पीठ वाळलं, त्याला चीर पडली आणि त्या चिरेतून वाफ सुटायला लागली. आत बकऱ्याचे पाये सकाळपासून शिजत होते. शेजारच्या शालूबाईने ते खाटकाकडून आणले आणि मेथीच्या जुड्यांखाली लपवून पोहोचवले. लपवणं भागच होतं. सासरे रामराव माळकरी; त्यांच्या अंगणात आजवर अंडंसुद्धा फुटलं नव्हतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि गावाला नवी सडक येत होती. तिच्यासाठी खडी वाहताना गाडी उलटली आणि विमलबाईच्या नवऱ्याचा, इंद्रभानचा पाय चाकाखाली आला. उंद्रीच्या हाडवैद्य पुंजाजीने हाड बसवून कामट्या बांधल्या. हाड काही जुळेना. "बकऱ्याच्या पायांचं पाणी पाजा त्याले," पुंजाजी म्हणाला होता. "रोजच्या रोज. नाही तं पोरगं जलमभर कुबडीवर चालन."

रामराव तेव्हा चारचौघांत म्हणाले, "ज्या दिवशी या अंगणात हाड शिजन, त्या दिवशी मी हे घर सोडीन."

रामरावांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सख्ख्या भावाच्या दारात पाऊल ठेवणार नाही म्हणाले होते. भाऊ गेला तेव्हा रस्त्यावर उभे राहिले आणि तिरडी दाराबाहेर आल्यावर खांदा दिला. असल्या हट्टाला काय म्हणावं! विमलबाई या माणसाला वाघाला भ्यावं तशी भीत होती. पण नवरा कुबडीवर चालताना तिला स्वप्नात दिसायचा आणि त्या स्वप्नाची भीती जास्त होती.

"काय शिजून राह्यलं, सूनबाई?"

विमलबाईने पदर पुढे ओढला. "बाजरी हाये, मामाजी. गायीसाठी."

गाय कालच व्याली होती आणि व्यालेल्या गायीला शिजवलेली बाजरी देतातच. खोटं बरोबर बसलं.

"वास येगळा येऊन राह्यला."

"सुंठ घातली. मिरे, हळद घातली."

"बरं केलं." रामरावांचा चेहरा एकदम उजळला. तांबड्या गायीवर त्यांचा भारी जीव. वासराची काळजी वाटून तर ते बाजार अर्धा टाकून आले होते. त्यांनी पागोटं खुंटीला अडकवलं आणि घमेलं उचललं. "आन इकडं. दाना राहू दे, वरचं पानी ओत. मीच पाजतो तिले."

"मी पाजतो ना, मामाजी. तुमी दमून आले."

"ओत म्हनलं ना!"

नाही कशी म्हणणार? तिने फडक्याने मडकं धरलं, वाळलेलं पीठ फोडून झाकण जरासं सरकवलं आणि मडकं तिरपं केलं. पिवळं, दाट पाणी घमेल्यात पडलं. हळद घातलेल्या बाजरीच्या पेजेसारखंच ते दिसत होतं. एकही हाड बाहेर आलं नाही. रामरावांना जवळचं नीट दिसत नसे. त्यांना काही कळलं नाही, कधी कळणारही नव्हतं. थोडं पाणी गेलं असतं, बाकीचं इंद्रभानला मिळालं असतं. विमलबाई सहीसलामत सुटली होती.

रामरावांनी गार पाणी घालून घमेलं कोमट केलं. गोठ्यात जाऊन ते गायीपुढे बसले, तिच्या गळ्याखाली खाजवत म्हणाले, "पे माय, पे." गायीने मान लांब केली. जीभ बाहेर आली.

खोटं बोलायला विमलबाई तयार होती. पण त्यांच्याच हातून गायीला हे पाजायचं? ती धावली आणि तिने घमेलं ओढून घेतलं.

"मामाजी, नका! गायीले नका देऊ!"

"काऊन? येड लागलं का तुले?"

"ते पाये हायेत. बकऱ्याचे. त्याहिच्यासाठी."

रामरावांनी गायीच्या गळ्यावरचा हात काढून घेतला. आत इंद्रभान कुशीवर वळायला गेला असावा. खाट करकरली आणि तो "आई गं" म्हणून कण्हला. रामरावांनी घराकडे पाहिलं. मग ते उठले, रांजणावर जाऊन हात धुतले आणि आत गेले.

बाहेर आले तेव्हा खांद्यावर घोंगडी होती. एका हातात तवा, दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाचं गाठोडं. कुंपणापलीकडून शालूबाईने पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. आता साऱ्या गावात बोंब होणार, सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं. विमलबाई त्यांच्या वाटेत आडवी पडली. तिला रडू आवरेना.

"मामाजी, चुकलं माह्यं. तुमी म्हनसान तं मडकं आत्ता फोडतो. पन जाऊ नका."

"सरक."

ती सरकली. रामराव कवाडापर्यंत गेले. मळ्यातल्या खोपीची वाट समोर होती. कडी काढून ते थांबले, मागे मात्र वळले नाहीत.

"मडकं फुटलं तं याद राख. इस्तव इझू देऊ नको, आन पोरगं चालाले लागलं का त्यालेच धाडजो, मले बलवाले."